मस्कीच्या ट्रोलिंगसाठी रील: निवड, भरणी आणि तपासणी

मस्की या माशासाठी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्युअर (नकली आमिष) ओढत मासेमारी, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी रील विकत घेतात. सेल लागलेला असतो, खोक्यावर ‘२५ पौंड ड्रॅग’ (मासा ओढू लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) असं ठसठशीत छापलेलं असतं, घेऊन टाकतात. मग त्या रीलला शोभेल असा रॉड, रॉडला पेलवेल अशी लाईन, आणि सगळ्यात शेवटी लाईनला झेपतील ते ल्युअर. नालेसाठी घोडं म्हणतात ते हेच. खरा क्रम उलटा आहे. आधी पाणी, मग ल्युअर, मग किती लाईन टाकायची परवानगी आहे ते, मग लाईनची जाडी, आणि हे सगळं कागदावर उतरलं की रील.

डेट्रॉईट-विंडसर, टोरांटो, मिनियापोलिस अशा भागांत राहणाऱ्या आणि लहान मोटारबोट हाताशी असलेल्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. मस्की हा पाईकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा. ५० इंची मादी भरली की ३० पौंडांच्या घरात जाते. तिच्यासाठी वीतभराहून मोठे ल्युअर बोटीमागे तासन्‌तास ओढत न्यावे लागतात. रीलचा खरा कस या ओढण्यात लागतो. मासा लागल्यानंतरची झटापट काही मिनिटांची असते.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी चार उत्तरं लिहून काढा

पाणी किती खोल? लेक सेंट क्लेअर सरासरी साडेतीन मीटरसुद्धा खोल नाही. जहाजांसाठी खणलेली वाट सोडली तर सगळं तळं उथळ. इथे ल्युअर बोटीमागे २० ते ८० फुटांवर चालतात. जॉर्जियन बे किंवा सेंट लॉरेन्स नदीच्या खोल कडांवर हेच अंतर वाढतं आणि ल्युअरची जिभळी मोठी होते. ही जिभळी, म्हणजे पुढची प्लास्टिकची किंवा धातूची पट्टी, जितकी मोठी तितका ल्युअर खोल जातो आणि तितकाच रीलवर ताण येतो.

वेग किती? उन्हाळ्यात ताशी ४ ते ५ मैल, पाणी थंडावलं की ३ किंवा त्याहून कमी. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ मैलांवरून साडेचार मैलांवर गेलात, म्हणजे वेग दीडपट झाला, तर तोच ल्युअर सव्वादोनपट जोराने ओढतो. ऑक्टोबरात सुरळीत चाललेलं रील जुलैमध्ये का कुरकुरतं, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

माणशी किती लाईन? मिनेसोटात उघड्या पाण्यात माणशी एकच. मिशिगनमध्ये तीन. विस्कॉन्सिन आणि ऑन्टारियोत पाण्यागणिक नियम बदलतात, त्यामुळे ज्या तळ्यावर जाणार त्याचंच पान उघडून वाचा. सेंट क्लेअरच्या मधून सीमारेषा जाते. मिशिगनचा परवाना खिशात असला तरी रेषेपलीकडे गेल्यावर ऑन्टारियोचा लागतो, आणि नियमही तिकडचेच. रील किती घ्यायची हे इथेच ठरतं. एकाच लाईनची परवानगी असेल तर चार रीलचा संच कपाटातच राहणार.

प्लेनर बोर्ड वापरणार का? लाईन बोटीपासून बाजूला दूर नेणारी ही फळी स्वतःही पाणी कापत असते, म्हणजे रीलवर तिचा वेगळा भार येतो. आणि बोर्डमागे ल्युअर नेमका किती अंतरावर आहे हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून किती लाईन बाहेर गेली ते दाखवणाऱ्या लाईन काउंटरशिवाय तिथे गत्यंतर नाही.

तपासणी: कागदावर आता खोली, वेग, लाईनची संख्या आणि सगळ्यात जोराने ओढणाऱ्या ल्युअरचं नाव असायला हवं. रील त्या ल्युअरच्या मापाने घ्यायचं. पेटीतले बाकीचे मग आपोआप त्यात बसतात.

## टप्पा २: रीलचा प्रकार पक्का करा

गोल बांध्याचं कन्व्हेन्शनल रील, लेव्हलवाइंड (स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकीवर, लाईन सारखी पसरवणारा भाग) असलेलं, लाईन काउंटर असलेलं. मस्की ट्रोलिंगसाठी निम्म्याहून जास्त लोकांना यापलीकडे काही लागत नाही. शिमानोचं टेकोटा, दाइवाची सीलाइन आणि सॉल्टिस्ट, ओकुमाची कन्व्हेक्टर आणि कोल्ड वॉटर ही सगळी याच घराण्यातली. टेकोटा महाग, कन्व्हेक्टर त्यापुढे बरंच स्वस्त. नवख्याने स्वस्तातली एकसारखी दोन घ्यावीत. महागडं एक घेऊन त्याच्या जोडीला घरातलं काहीतरी वेगळंच लावायचं, हे माझ्या मते चुकीचं.

नेहमी चुकून घेतली जाणारी तीन रील अशी:

*स्पिनिंग रील.* त्यात लाईन काटकोनात वळून स्पूलवर जाते. सतत ओढ असताना बेल (लाईन अडवणारी तार) आणि लाईन रोलरवर ताण येतो, लाईन पीळ खाते. मस्कीच्या ट्रोलिंगला हे रील नको.

*लो-प्रोफाइल बेटकास्टिंग.* ल्युअर फेकायला उत्तम. तासनतास होल्डरमध्ये अडकवून मोठा ल्युअर ओढायला त्याची चौकट आणि गिअर केलेले नसतात, आणि बहुतेकांना क्लिकरही (लाईन सुटताना टिकटिक वाजणारा भाग) नसतो. कास्टिंगसाठी घेतलेलं असेल तर ते कास्टिंगलाच ठेवा.

*समुद्रातलं मोठं रील.* कोकणात सुरमईमागे ट्रोलिंग केलेल्यांचा हात हमखास याकडे जातो. सुरमई एका दमात लाईन ओढत सुटते, म्हणून तिथे शेकडो मीटर लाईन मावणारा स्पूल हवा. मस्की तशी लांब पळत नाही. ती डोकं झटकते, तोंड उघडून उसळते, आणि बोटीपाशी आल्यावर अंगाभोवती लाईन गुंडाळून लोळते. तिला लांबलचक लाईन नको, पहिल्याच झटक्याला न अडखळणारा ड्रॅग हवा. शिवाय समुद्रातल्या बऱ्याच रीलना लेव्हलवाइंड नसतो. एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्याने हँडल सांभाळताना लाईन अंगठ्याने सारखी करत बसणं कठीण जातं.

## टप्पा ३: माप, म्हणजे किती लाईन मावायला हवी

खोक्यावर ‘२०/३००’ असं काहीतरी लिहिलेलं असतं: २० पौंडांची मोनो (एकपदरी नायलॉनची लाईन) ३०० यार्ड मावते. आपण बहुधा ८० किंवा १०० पौंडांची ब्रेडेड (अनेक धाग्यांची विणलेली लाईन) वापरणार, आणि ती ताकदीच्या मानाने फार बारीक असते. ८० पौंडांची ब्रेडेड जाडीला साधारण १८ पौंडांच्या मोनोइतकी, १०० पौंडांची २० च्या मोनोइतकी. म्हणजे मोनोच्या २० पौंडांपुढे दिलेला आकडाच जवळजवळ आपल्या ब्रेडेडचा आकडा धरायला हरकत नाही. वेगळं कोष्टक शोधत बसू नका.

आता गरज बघा. ल्युअर मागे ८० फूट, फार तर दीडशे. मासा त्यापुढे आणखी शंभर फूट घेईल. तरी २०० यार्ड ब्रेडेड पुरून उरते. मग ३०० यार्डांचं रील का घ्यायचं? कारण मोठा स्पूल भरलेला असला की प्रत्येक फेऱ्याला जास्त लाईन आत येते आणि ड्रॅग एकसारखा राहतो. रिकामा भाग खाली मोनोने भरून काढायचा. त्याहून मोठं रील मात्र नुसतं वजन वाढवतं.

सावधान: छोट्या रीलमध्ये ‘पुरेशी’ लाईन कोंबून काम भागत नाही. समजा भरलेला स्पूल ६० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि लाईन बाहेर गेल्यावर तो ५० वर आला. ड्रॅगची चकती तेवढ्याच जोराने धरते, पण लाईनवर जाणवणारा ड्रॅग २० टक्क्यांनी वाढतो, कारण ओढण्याचा आरा लहान झाला. लहान स्पूलवर हा फरक झपाट्याने पडतो. मासा दूर गेल्यावर लाईन तुटते किंवा गळ सरळ होतो, त्यात कित्येकदा या वाढलेल्या ड्रॅगचा हात असतो.

## टप्पा ४: गिअरचं गुणोत्तर

४.२:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ४.२ वेळा फिरतो. दुकानदार ‘फास्ट आहे’ म्हणून ६.३:१ पुढे करतो. दोन्हींचा हिशेब घालून बघा. ५० मिलिमीटर व्यासाच्या स्पूलवर एका वेढ्यात साधारण १५७ मिलिमीटर लाईन बसते. ४.२ च्या रीलमध्ये हँडलच्या एका फेऱ्याला २६ इंच लाईन येते, ६.३ मध्ये ३९ इंच. ८० फूट लाईन आत घ्यायला पहिल्यात सुमारे ३७ फेरे, दुसऱ्यात २५.

बारा फेरे वाचले, मग वेगवान का घेऊ नये? कारण हे फेरे तुम्ही चालत्या बोटीतून, ल्युअर पाणी कापत असताना मारणार आहात. गुणोत्तर जास्त तितका प्रत्येक फेरा जड. मोठ्या जिभळीच्या १० इंची ल्युअरला ६.३ ने ओढायला गेलात की दंड भरून येतो, आणि बोट थांबवावी लागते. बोट थांबली की बाकीच्या लाईन सैल पडून एकमेकींत जातात.

उलट बाजूही आहे. सेंट क्लेअरमध्ये उन्हाळ्यात तुटलेलं गवत पाण्यावर तरंगत असतं. रॉडच्या टोकाची थरथर बंद झाली की समजायचं गवत अडकलं: लाईन आत, गवत काढा, लाईन बाहेर. हे दिवसभर चालतं. इथे अगदी संथ रील जीव खातं.

माझं मत: जिभळीवाले मोठे ल्युअर आणि खोल पाणी असेल तर ४ ते ४.५. गवताळ उथळ पाणी, बकटेल (केसाळ शेपटीचे ल्युअर) आणि मध्यम ल्युअर असतील तर ५ च्या आसपास. ६ च्या वरचं रील ट्रोलिंगसाठी घेऊ नये. ते कास्टिंगच्या पेटीत शोभतं.

## टप्पा ५: ड्रॅग

खोक्यावरचा ड्रॅगचा आकडा हा जास्तीत जास्त ड्रॅगचा असतो, आणि मस्कीला तो कधीच लागत नाही. १५ पौंडांच्या वर मिळालं की पुरे. बघायचं ते वेगळंच: ड्रॅग *सुरू* कसा होतो. हलका लावलेला ड्रॅग लाईन ओढल्याबरोबर अलगद सुटायला हवा. आधी अडकून मग झटक्याने सुटला तर त्या एका झटक्यात माशाच्या ओठात धरलेला गळ निसटतो. ब्रेडेड रबरासारखी ताणली जात नाही, त्यामुळे हा झटका पचवायला मध्ये काहीच नसतं.

स्टार ड्रॅग, म्हणजे हँडलखालची चांदणी, मस्कीला उत्तम. ती हळूहळू फिरवता येते आणि स्वस्त पडते. लिव्हर ड्रॅग वाईट नाही, पण इथे त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

क्लिकरकडे लोक दुर्लक्ष करतात. रॉड होल्डरमध्ये असताना मासा लागला हे आधी कानाला कळतं, मग डोळ्यांना. क्लिकर मोटारच्या आवाजावर मात करील इतका मोठा आणि चालू-बंद करायला टणक खटका असलेला हवा. तो सैल असेल तर बोट लाटांवर आपटताना आपोआप बंद होतो.

## टप्पा ६: लाईन काउंटर

काउंटर लाईन मोजत नाही. तो स्पूलचे फेरे मोजतो आणि एका ठरावीक भरणीच्या हिशेबाने त्यांचे फूट करून दाखवतो. हे ध्यानात ठेवलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन रील असली तरी एकात जास्त आणि दुसऱ्यात कमी लाईन भरली असेल तर दोघांवरचे ‘५०’ वेगवेगळे असतात. डाव्या बाजूला मासे लागतात आणि उजवीकडे काहीच नाही, असं झालं की माणसं ल्युअर बदलतात, रंग बदलतात. अंतरच चुकलेलं असतं.

मेकॅनिकल काउंटर, आकडे फिरणारा, मला पुरेसा वाटतो. बॅटरी नाही, नोव्हेंबरच्या थंडीत रुसत नाही. डिजिटल वाचायला सोपा. निवडताना एवढंच बघा: रॉड होल्डरमध्ये तिरका असताना, तुम्ही सुकाणूपाशी बसल्या जागेवरून आकडा दिसतो का? आणि शून्यावर आणायचं बटण हातमोजा घालून दाबता येतं का? ऑक्टोबरनंतर हातमोजा काढायची इच्छा होत नाही.

बोटीच्या अगदी मागे, प्रोपेलरच्या फेसात ८-१५ फुटांवर ल्युअर चालवणारे काउंटरकडे बघतही नाहीत. फक्त तेवढंच करणार असाल तर काउंटर नसलेलं गोल रीलही चालेल आणि पैसे वाचतील. पण बोर्ड लावायचा विचार आज ना उद्या येतोच.

## टप्पा ७: दुकानात हातात घेऊन

ऑनलाइन मागवलंत तरी लगेच खोकं उघडून हे करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

हँडल बाजूला हलवून बघा. थोडी ढिलाई असते, पण कडकड वाजली तर नको. हँडलची मूठ पूर्ण तळव्यात मावायला हवी. चिमटीत धरायची लहान मूठ ओल्या हातातून सटकते. स्पूल मोकळा सोडून लेव्हलवाइंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो का ते पाहा, टोकाला वळताना अडखळत असेल तर परत करा. ड्रॅग अर्धा लावून स्पूल हाताने फिरवा, सगळीकडे सारखाच घट्ट लागला पाहिजे. एका जागी घट्ट आणि एका जागी सैल म्हणजे चकत्या नीट बसलेल्या नाहीत.

रीलचा पाया तुमच्या रॉडच्या सीटमध्ये घट्ट बसतो का हेही तिथेच बघा, आणि त्यानंतर रॉडसकट होल्डरमध्ये. मोठ्या रीलचं हँडल काही होल्डरमध्ये बोटीच्या कठड्याला घासतं. घरी आल्यावर हे कळलं की पदरी पडलं आणि पवित्र झालं.

तपासणी: दोन रील घेताय तर मॉडेल, माप आणि गुणोत्तर एकच आहे ना? ‘एलसी’च्या (लाईन काउंटर) पुढची अक्षरं वाचा. एकाच नावाखाली वेगवान आणि संथ अशा दोन्ही आवृत्त्या विकल्या जातात.

## टप्पा ८: लाईन भरणं

रील चांगलं असूनही सगळं बिघडतं ते इथे, म्हणून घाई नको.

१. ब्रेडेड थेट स्पूलला बांधू नका. गुळगुळीत धातूवर ब्रेडेडला पकड मिळत नाही. ओढ आली की अख्खं भेंडोळं स्पूलवर गोल फिरतं. ड्रॅग कितीही आवळा, लाईन सुटतच राहते, आणि माणूस रील खराब म्हणून परत करायला निघतो. खाली मोनोचे थर द्या.

२. मोनो किती? पहिल्या रीलसाठी उलटी युक्ती करा. आधी २०० यार्ड ब्रेडेड गुंडाळा, त्यावर काठाच्या जरा खालपर्यंत मोनो भरा. मग दोन्ही एका रिकाम्या मोठ्या रिळावर काढा आणि तिथून दुसऱ्या रिळावर उलटवून पुन्हा रीलवर भरा. मोनो आपोआप तळाला जाते आणि भरणी नेमकी काठाशी येते.

३. दुसऱ्या रीलला काउंटरचीच मदत घ्या. पहिल्या रीलमध्ये मोनो भरताना काउंटर शून्यावर ठेवून सुरुवात करा. मेकॅनिकल काउंटर आत गुंडाळताना उलटा पळतो, ०००च्या मागे ९९९ येतो. तो बिघडलेला नाही. मोनो संपली तेव्हाचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या रीलवर त्याच आकड्याला थांबा. यार्डांचा अंदाज करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बिनचूक.

४. मोनो आणि ब्रेडेड जोडायला डबल युनी गाठ. ओली करून आवळा. टोकं बारीक कापा, नाहीतर लेव्हलवाइंडमध्ये अडकतील.

५. ताणूनच भरा. ओल्या फडक्यात लाईन पकडून, फडकं चांगलं गरम होईल इतक्या ताणाने. सैल भरलेल्या ब्रेडेडवर मोठ्या ल्युअरची ओढ आली की वरचा वेढा खालच्या थरांत रुततो. पुढच्या वेळी ल्युअर सोडताना लाईन तिथेच अडकते आणि स्पूल उलटा फिरून गुंता करतो. घरी दोघांनी मिळून हे काम होतं: एकाने रीळ धरायचं, दुसऱ्याने हँडल मारायचं.

६. काठापासून २-३ मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरलं की बाजूने लाईन निसटते.

सावधान: मस्कीचे दात लाईनपर्यंत पोचले की सगळं संपलं. १३० पौंडांचा फ्लुरोकार्बन किंवा स्टीलचा लीडर (लाईन आणि ल्युअरमधला दातांना पुरून उरणारा तुकडा) तीन ते पाच फुटांचा लावा, पण त्याचा स्विव्हल (फिरती कडी) कधीही रॉडच्या टोकातून आत ओढू नका. मासा बोटीपाशी आलेला असतानाच उत्साहाच्या भरात हे होतं आणि टोकाच्या कडीचा चिनीमातीचा गोल फुटतो. त्याच जागी ब्रेडेड पुढे चिरली जाते.

## टप्पा ९: काउंटर जुळवून घेणं

गाडी लावायच्या लांब जागेत किंवा मैदानावर शंभर फुटी टेप अंथरा. रॉड होल्डरमध्ये असल्यासारखा धरा, टोक टेपच्या शून्यावर, काउंटर शून्यावर. दुसऱ्याला लाईनचं टोक धरून टेपच्या शंभरापर्यंत चालत जायला सांगा, लाईन कडक ठेवून. मग आकडा वाचा.

काउंटर ९० दाखवतो आणि खरी लाईन १०० गेली, तर स्पूल गरजेपेक्षा जास्त भरलेला आहे: प्रत्येक वेढ्यात काउंटरच्या हिशेबापेक्षा जास्त लाईन सुटते. थोडी लाईन कमी करा. ११० दाखवला तर भरणी कमी आहे, मोनोचा थर वाढवा. पाच-सात फुटांच्या फरकासाठी जिवाचं रान करू नका. पण दोन्ही रीलचा फरक *सारखा* असला पाहिजे. रीलच्या बाजूला छोटी पट्टी चिकटवून लिहून ठेवा: ‘१०० = ९४’.

बोटीवर शून्य कुठे धरायचा तेही ठरवून ठेवा. मी ल्युअर पाण्याला टेकला की शून्य करतो. रॉडच्या टोकाशी केलंत तरी चालेल. फक्त बोटीवरच्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची. एक जण पाण्याला, दुसरा टोकाला, असं झालं की कोणी पकडलेल्या अंतराचा दुसऱ्याला उपयोग होत नाही.

तपासणी: लाईन तुटून वीस-तीस यार्ड गेली की हे पुन्हा करा. नवी लाईन भरली तरीही.

## टप्पा १०: बोटीवर ड्रॅग लावणं

आधी घरीच अंदाज घ्या. भारतात जाताना बॅगा तोलायचा लटकता काटा बहुतेकांच्या घरी असतोच, तो इथे कामाला येतो. लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांतून काढा, काट्याला बांधा, रॉड वाकवा आणि लाईन सुटायला लागते तेव्हाचा आकडा बघा. नुसत्या रीलमधून ओढून मोजलं तर आकडा कमी येतो, कारण कड्यांचं घर्षण त्यात धरलं जात नाही. सुरुवातीला तीन किलोच्या आसपास ठेवा.

मग पाण्यात, या क्रमाने:

१. ल्युअर ठरलेल्या अंतरावर सोडा. सोडताना अंगठा स्पूलवरच ठेवायचा, मोकळा सोडलात तर गुंता झालाच म्हणून समजा. हवा तो आकडा आला की गिअर लावा.

२. बोट नेहमीच्या वेगावर आणा आणि ड्रॅग हळूहळू सैल करत जा. क्लिकर अधूनमधून टिकटिकू लागला की थांबा. एवढा ड्रॅग ल्युअर कसाबसा धरून ठेवतो आहे.

३. तिथून चांदणी थोडीथोडी आवळा. टिकटिक बंद होऊन अजून जरा घट्ट.

४. आता बोट वळवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा ल्युअर जास्त वेगाने धावतो, आतला मंदावतो. बाहेरचा टिकटिकला तर तेवढाच आवळा. सरळ चालताना लावलेला ड्रॅग वळणावर कमी पडतो हे बरेच जण विसरतात, आणि दर वळणाला लाईन पाच-दहा फूट लांबत जाते. काउंटरचा आकडा सकाळपेक्षा दुपारी मोठा का, याचं कोडं पडलेलं असतं ते यामुळे.

५. मासा लागला की मग आणखी आवळायचं, तेही रॉड हातात आल्यावर.

प्रोपेलरमागच्या आखूड लाईनसाठी ड्रॅग याहून सैल ठेवा. १० फूट ब्रेडेडमध्ये ताण घ्यायला काही नसतं, आणि ५० इंची मासा उलट दिशेने आदळतो तेव्हा बोटीचा वेग त्यात मिळवलेला असतो. या रॉडला होल्डरशी सुरक्षा-दोरी बांधलेली हवीच. होल्डरसकट रॉड तळ्यात गेल्याची उदाहरणं आहेत.

सावधान: ड्रॅग फार सैल ठेवून माशाला ‘दमवत’ बसू नका. मस्की झगडून फार थकली की सोडल्यावरही जगेलच असं नाही, आणि इथे बहुतेक जण ती सोडूनच देतात. मिनेसोटात तर ५४ इंचांखालची ठेवताही येत नाही. वर सुचवलेली ८० पौंडांची लाईन आणि दणकट रील मासा लवकर बोटीपाशी यावा म्हणूनच आहेत. पाणी ८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे २७ सेल्सिअसला टेकलं की मस्कीच्या मागे जाऊच नका, रील कितीही चांगलं असो.

## टप्पा ११: दिवस संपल्यावर

ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला की चकत्या चिकटतात आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच तो अडकणारा झटका येतो. लेव्हलवाइंडच्या आडव्या दांड्यावरचं गवत आणि वाळू जुन्या दातांच्या ब्रशने काढा, तेलाचा एक थेंब पुरे. सगळ्यात आधी झिजतो तो हाच भाग. नोव्हेंबरात ओलं रील बोटीत तसंच रात्रभर सोडलं तर सकाळी लेव्हलवाइंड बर्फाने धरलेला सापडतो. जोर लावून हँडल फिरवू नका, त्याचा छोटा खिळा तुटतो. रील गाडीत हीटरपाशी दहा मिनिटं ठेवा आणि तोवर लीडरवर कुठे दातांचे ओरखडे आहेत का ते बोटांनी चाचपून बघा.